मेश वायफाय किट: स्पीड ठीक आहे हो, पण राउटर आणि सॅटेलाइटमधला सिग्नल नीट दाखवतं का?

ट्राय-बँड (म्हणजे तीन रेडिओवालं), वायफाय ६ वालं मेश किट घेतलंय, म्हणजे एक राउटर आणि त्याचं वायफाय घरभर पुढे पोचवणारे दोन जोडडबे, त्यांना सॅटेलाइट म्हणतात. कसं आहे, घेऊ का, असं बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाहीये, कारण मी ज्या गोष्टीवर वैतागलेय ती थोड्याफार फरकाने बऱ्याच किट्समध्ये सापडेल आणि मग खाली सगळी चर्चा हा ब्रँड चांगला की तो यावरच जाते, मूळ मुद्दा राहतो बाजूला.

आधी चांगलं सांगते. हार्डवेअर दणकट आहे, गरम होत नाही फार, सेटअप ॲपमधून झाला आणि कुठे अडलं नाही, दोन्ही सॅटेलाइटना मागे लॅन पोर्ट आहेत, आणि राउटर-सॅटेलाइटच्या आपसातल्या बोलण्यासाठी म्हणजे बॅकहॉलसाठी एक वेगळा ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ राखून ठेवलाय, चार अँटेनांचा. हे महत्त्वाचं आहे. ड्युअल-बँड किटमध्ये तोच रेडिओ तुमच्या फोनशीही बोलतो आणि राउटरशीही, एका वेळी एकच काम, त्यामुळे सॅटेलाइटवरचा स्पीड साधारण निम्म्यावर येतो. इथे तसं होत नाही. म्हणजे व्हायला नको. आता पुढचं वाचा.

मेशमध्ये दोन वेगळे सिग्नल असतात हे पहिले डोक्यात घ्या, कारण सगळी गडबड इथेच होते. एक तुमच्या फोनपासून सॅटेलाइटपर्यंतचा, आणि दुसरा सॅटेलाइटपासून राउटरपर्यंतचा. फोनवर ज्या कांड्या दिसतात ना त्या फक्त पहिल्याच्या. सॅटेलाइटच्या शेजारी बसलात की फोनवर कांड्या फुल्ल दिसणारच, त्यात सॅटेलाइटचं कौतुक काही नाही. पण त्या सॅटेलाइटला मागून राउटरकडून किती मिळतंय ते फोनला माहीतच नसतं. टाकीत येणारा पाइपच बारीक असेल तर खाली नळ कितीही मोठा लावा, काय उपयोग. "कांड्या फुल्ल आहेत तरी व्हिडिओ कॉल अडकतो" ही जी तक्रार मेशवाल्यांची कायम असते ती बहुतेक वेळा ह्या दुसऱ्या सिग्नलचीच असते. त्यामुळे किट घेताना डब्यावर छापलेल्या स्पीडच्या आकड्यापेक्षा मी हे बघीन की हा दुसरा सिग्नल मला आकड्यात बघता येतो का.

तर ह्या किटमध्ये तो तीन ठिकाणी दिसतो, आणि तिन्ही ठिकाणी वेगळं सांगतो. हेच माझं भांडण.

पहिलं ठिकाण सॅटेलाइटवरचा दिवा. पांढरा म्हणजे छान, केशरी म्हणजे बरा, लाल म्हणजे जुळलाच नाही. सॅटेलाइट चालू केल्यावर दिवा थोडा वेळ पेटतो आणि मग विझतो. म्हणजे नंतर सिग्नल बिघडला तर कळायला मार्ग नाही, सॅटेलाइट बंद-चालू करा मगच परत दिवा बघायला मिळणार, आणि बंद-चालू केलं की तो नव्याने जुळतो म्हणजे जी बिघडलेली स्थिती बघायची होती ती गेलीच. दुसऱ्या कंपन्यांचंही साधारण असंच रंगांचं प्रकरण असतं, उदाहरणार्थ नेटगिअरच्या ऑर्बीमध्ये सॅटेलाइटची रिंग निळी म्हणजे कनेक्शन चांगलं, अंबर म्हणजे ठीकठाक, मजेंटा म्हणजे जुळलं नाही. रंग कुठलेही असोत, पायऱ्या तीनच. जागा ठरवायला पहिल्या अंदाजापुरतं ठीक आहे, त्यापुढे नाही.

दुसरं ठिकाण ॲप. तिथे सॅटेलाइटच्या चित्रावर टॅप केलं की एक शब्द येतो, उत्तम, मध्यम किंवा कमकुवत. बस. आकडा नाही, बँड नाही, काही नाही.

आणि तिसरं ठिकाण म्हणजे ब्राउझरमधून राउटरच्या ॲडमिन पानावर जायचं, तिथे ॲडव्हान्स्डमध्ये आत आत गेलं की जोडलेल्या सॅटेलाइटचा तक्ता आहे आणि त्यात खरे आकडे आहेत! आरएसएसआय म्हणजे पोचलेल्या सिग्नलची ताकद डीबीएममध्ये, लिंक रेट, कुठला बँड म्हणजे २.४ की ५ गिगाहर्ट्झ, आणि सॅटेलाइट कोणाला जोडलाय राउटरला की दुसऱ्या सॅटेलाइटला. म्हणजे माहिती कंपनीकडे सगळी आहे, फक्त ॲपमध्ये द्यायची नाहीये. का, देव जाणे. बहुतेक त्यांना वाटतं मायनसमधला आकडा बघून लोक घाबरतील.

तर तो मायनसचा आकडा कसा वाचायचा ते थोडक्यात. डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत सिग्नल किती. वायफायचा सिग्नल पोचेपर्यंत इतका बारीक झालेला असतो की आकडा कायम मायनसमध्येच असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. म्हणजे मायनस ५० हा मायनस ७० पेक्षा चांगला. आणि हा सरळ हिशोब नाही, दर ३ डीबीला ताकद निम्मी होते आणि दर १० डीबीला एक दशांश. मायनस ६० आणि मायनस ७० मध्ये दिसायला दहाचा फरक पण प्रत्यक्षात दहापट. मायनस ५० म्हणजे किती तर १० नॅनोवॅट, आणि मायनस ७० म्हणजे त्याचा शंभरावा भाग. एवढ्याशा सिग्नलवर सिनेमे बघतो आपण, कमालच आहे खरं तर.

बॅकहॉलसाठी माझा अनुभव असा की मायनस ५० ते मायनस ६० मध्ये राहिलं तर निवांत, मायनस ६५ पर्यंत चालतं, मायनस ७० च्या खाली गेलं की रड सुरू. फोनसाठी मायनस ६७ पर्यंत कॉल वगैरे चालतात असं साधारण धरतात, पण बॅकहॉलवर एका फोनचा नाही तर त्या सॅटेलाइटवरच्या सगळ्यांचा भार असतो त्यामुळे तिथे थोडं कडकच राहावं. आता ॲपची गंमत बघा, ॲपमध्ये मायनस ५२ ला पण "उत्तम" आणि मायनस ६६ ला पण "उत्तम". लिंक रेट बघितला तर पहिल्या ठिकाणी २४०२ एमबीपीएस आणि दुसऱ्या ठिकाणी ८६४ च्या आसपास खालीवर. म्हणजे जवळपास तिपटीचा फरक आणि दोन्हीला एकच शब्द.

लिंक रेट म्हणजे प्रत्यक्ष स्पीड नव्हे हां, हेही लक्षात ठेवा. दोन रेडिओंनी आपसात ठरवलेला तो वरचा वेग असतो, हातात त्यातला साधारण निम्मा ते दोन तृतीयांश येतो कारण वायफायमध्ये एका वेळी एकच जण बोलू शकतो, पोचपावत्या असतात, चुकलेलं परत पाठवणं असतं. तरी आरएसएसआयपेक्षा मला लिंक रेटच जास्त भरवशाचा वाटतो. सिग्नल मोठा असला तरी आजूबाजूला गोंगाट असेल तर रेट पडतो, आणि आरएसएसआयमध्ये गोंगाट दिसत नाही. सिग्नल मायनस ६५ आणि नॉइज मायनस ९२ असेल तर मधलं अंतर २७ डीबी, तेवढ्यात मस्त चालतं. तोच सिग्नल मायनस ६५ आणि नॉइज मायनस ८० असेल तर मेलात. ह्या किटमध्ये नॉइजचा आकडा कुठेच नाही, ॲडमिन पानावर पण नाही, हा एक मार्क कापला.

जागा ठरवायला आम्ही दोघं लागलो, दादा खाली राउटरला केबल लावून लॅपटॉपवर ते पान उघडून बसला आणि मी वर सॅटेलाइट घेऊन फिरत होते. केबलच लावा, नाहीतर लॅपटॉप स्वतःच वायफायवर इकडून तिकडे उड्या मारतो आणि आपण वेगळंच काहीतरी वाचत बसतो. प्रत्येक जागी ठेवल्यावर दोन-तीन मिनिटं थांबायचं, आकडा लगेच बसत नाही.

"दादा, आता किती?"

"मायनस चौऱ्याहत्तर. कुठे ठेवलंस?"

"टीव्हीच्या मागे."

"काढ तिथून. ... हां, आता अडुसष्ट. त्रेसष्ट झालं बघ. काय केलंस?"

"टेबलावर ठेवला फक्त, दाराच्या समोर."

"राहू दे तिथेच, हलू नकोस."

मी हलले नाही तरी आकडा दोन-तीनने खालीवर होत राहतो, ते नॉर्मल आहे, माणूस मधे आला तरी फरक पडतो. एका वाचनावर जाऊ नका, थोडा वेळ बघून सरासरी मनात धरा. टीव्हीच्या मागून टेबलावर, म्हणजे जेमतेम दोन हात अंतर आणि ११ डीबी, दहापटीहून जास्त ताकद. टीव्हीचा पत्रा, लोखंडी कपाट, मोठा आरसा, फिश टँक, फ्रिज, ह्यांच्या मागे सॅटेलाइट ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात. जमिनीवर ठेवू नका, छातीच्या उंचीला ठेवा, आणि भिंतीतून तिरपं जाण्यापेक्षा उघड्या दारातून सरळ जाऊ देत. तिरपं गेलं की सिग्नलला भिंत जाड पडते. दार बंद करून पण एकदा बघून घ्या, रात्री बंद असणारच आहे ते.

आणि बऱ्याच जणांचा एक समज असतो की जिथे वायफाय येत नाही तिथेच सॅटेलाइट ठेवायचा. अजिबात नाही. जिथे येत नाही तिथे सॅटेलाइटला पण येणार नाही, तो पण शेवटी रेडिओच आहे, जादू नाही. मधे कुठेतरी ठेवा जिथे राउटरचा सिग्नल अजून दमदार आहे आणि तिथून पुढे अंधाऱ्या खोलीपर्यंत सॅटेलाइट पोचेल. उलट टोकालाही जाऊ नका, राउटरच्या उशाशी ठेवून मायनस ३५ दाखवतोय म्हणून खूश होऊन काय करणार, लांबच्या खोलीत परत तेच. शिवाय फोनला दोघंही सारखेच मोठे ऐकू येतात मग तो एकालाच चिकटून बसतो, आयफोन साधारण मायनस ७० च्या खाली गेल्याशिवाय दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे दुसरा सॅटेलाइट किंवा राउटर, शोधायला लागतच नाही.

आता ह्या किटचा सगळ्यात मोठा घोळ, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. दुसरा सॅटेलाइट आम्ही मागच्या खोलीकडे नेत होतो. ॲपमध्ये आधी "उत्तम", मग थोडं लांब गेल्यावर "मध्यम", बरोबर आहे. अजून एक भिंत ओलांडली तर परत "उत्तम". लांब गेल्यावर सिग्नल सुधारला? कसा काय बुवा? ॲपवाला माणूस इथे खूश होऊन सॅटेलाइट तिथेच ठेवून मोकळा होईल. ॲडमिन पानावर बघितलं तर बँडच्या रकान्यात ५ च्या जागी २.४ आलेलं. म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर जमेना म्हणून साहेब गुपचूप २.४ वर उतरले, आणि २.४ चा सिग्नल भिंतीतून जास्त आरपार जातो, त्यामुळे आरएसएसआय आला मायनस ५८, एकदम झक्कास, आणि लिंक रेट २८६ वर आपटलेला! तोही त्या गर्दीच्या बँडवर, जिथे शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ, आणि मायक्रोवेव्ह चालू झाला की तोही. वर आता तोच २.४ चा रेडिओ घरातल्या वायफायवाल्या बल्ब-प्लगशी पण बोलणार. प्रत्यक्षात हातात किती येत असेल त्याचा विचार करा.

खाली उतरणं चूक नाही, तुटण्यापेक्षा हळू चाललेलं बरं, बरेच मेश असं करतात आणि करावंच. पण मग सांगा ना तसं! ॲपने फक्त आरएसएसआय बघून शब्द ठरवलाय हे उघड आहे, बँड बघितलेलाच नाही. म्हणजे जो आकडा सगळ्यात वाईट परिस्थिती दाखवायला हवा होता तोच सगळ्यात चांगला शब्द देतोय. याला फीचर म्हणायचं की काय म्हणायचं. त्यात एकदा २.४ वर गेलेला सॅटेलाइट आपणहून लवकर वर येत नाही, जागा बदलली तरी थोडा वेळ तिथेच रेंगाळतो, मी सरळ प्लग काढून परत लावते. तुमच्याकडे कुठलंही मेश असो, बँड दाखवत असेल तर तो आधी बघा आणि मग सिग्नल.

"पण मी स्पीड टेस्ट केली सॅटेलाइटजवळ, पूर्ण स्पीड येतोय की." येणारच. तुमचा इंटरनेट प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर बॅकहॉल २०० वर रडत असला तरी स्पीड टेस्ट १०० दाखवून मोकळी होते. एकटाच फोन, रिकामी वेळ, सगळं गोडगोड. चारजण एकदम आले, घरातल्याच स्टोरेजवर कोणी फायली टाकायला लागलं की मग कळतं. बॅकहॉल खरा तपासायचा तर आयपर्फ ३ नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, एक लॅपटॉप केबलने राउटरला आणि दुसरा केबलने सॅटेलाइटच्या मागच्या पोर्टला, दोघांमध्ये चालवायचा, इंटरनेटचा संबंधच येत नाही आणि जो आकडा येतो तो निव्वळ त्या मधल्या दुव्याचा. २४०२ च्या लिंकवर मला ९४० च्या आसपास आले, पण तिथे लॅन पोर्टच १ गिगाबिटचा असल्यामुळे त्यापुढे जाणार कुठून. ८६४ च्या लिंकवर साडेचारशे-पाचशे. २.४ वर उतरल्यावर शंभर-सव्वाशे, आणि तेही दम टाकत.

एवढं करायचा कंटाळा असेल तर सॅटेलाइटला केबलने लॅपटॉप लावून राउटरला नुसता पिंग करत बसवा थोडा वेळ, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघायचं. २-४ मिलिसेकंद सपाट येत असेल तर दुवा निरोगी. मधेच ८०, मग ५, मग १५० असं नाचत असेल तर सरासरी कितीही छान येऊ दे, कॉलवर आवाज रोबोटसारखा होणार म्हणजे होणार.

ज्यांच्या किटमध्ये ॲडमिन पानावर पण आकडे नसतात (आहेत अशी किट्स, नुसता शब्द आणि हसरा चेहरा) त्यांच्यासाठी एक जुगाड. सॅटेलाइट बंद करा, जिथे तो ठेवायचाय नेमक्या त्या जागी लॅपटॉप ठेवा, राउटरच्या ५ गिगाहर्ट्झला जोडा आणि लॅपटॉपलाच सिग्नल विचारा. मॅकवर ऑप्शन बटण दाबून धरून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की आरएसएसआय, नॉइज, ट्रान्समिट रेट सगळं मिळतं, नॉइजसकट! विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस (netsh wlan show interfaces) ही कमांड मारली की सिग्नल टक्क्यांत येतो, टक्के अर्धे करून त्यातून १०० वजा करा की झाले डीबीएम, ६० टक्के म्हणजे मायनस ७०, ८० टक्के म्हणजे मायनस ६०. म्हणजे "साठ टक्के सिग्नल आहे, पास झाला" असं समजू नका, साठ टक्के म्हणजे काठावर. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझरसारखी ॲप्स आहेतच, आयफोनवर ॲपलचंच एअरपोर्ट युटिलिटी घेऊन सेटिंगमध्ये वायफाय स्कॅनर चालू करावा लागतो. सॅटेलाइटचे अँटेना फोन-लॅपटॉपपेक्षा चांगले असतात त्यामुळे त्याला ह्याहून थोडं जास्तच मिळेल, म्हणजे हा अंदाज आपल्याच बाजूने चुकतो. मात्र सॅटेलाइट बंद करायला विसरू नका, राउटर आणि सॅटेलाइट दोघांचं वायफायचं नाव एकच असतं, लॅपटॉप शेजारच्या सॅटेलाइटलाच जोडला जाईल आणि तुम्ही म्हणाल वा काय सिग्नल आहे.

अजून दोन गोष्टी ज्या रोज त्रास देत नाहीत पण आहेत. एक, दुसरा सॅटेलाइट राउटरला थेट जोडायचा की पहिल्या सॅटेलाइटमार्फत हे किट स्वतः ठरवतं, आपल्याला निवडता येत नाही. वीज जाऊन आली की कधीकधी उलटं जुळतं, जो लांबचा तो थेट राउटरला धरून बसतो मायनस ७३ वर, जवळचा दुवा शेजारी मोकळा असताना. उपाय तोच, प्लग काढा, पहिला सॅटेलाइट पूर्ण चालू होऊ द्या मग दुसरा लावा.

दोन, डीएफएस. ५ गिगाहर्ट्झमधले मधले चॅनेल, ५२ पासून १४४ पर्यंतचे, रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत आणि नियम असा की राउटरने आधी किमान मिनिटभर नुसतं ऐकायचं, रडार नाही ना याची खात्री करायची, मग बोलायचं, आणि बोलताना रडार ऐकू आलं तर १० सेकंदांच्या आत चॅनेल सोडायचा आणि अर्धा तास तिथे फिरकायचं नाही. किटने बॅकहॉल अशा चॅनेलवर टाकला असेल तर एखाद्या दिवशी सगळं छान चाललेलं असताना सॅटेलाइट मिनिटभर गप्प होतात आणि परत येतात, आरएसएसआय आधीही मायनस ५५ नंतरही मायनस ५५, आपण वेड्यासारखे सिग्नल तपासत बसतो. लॉगमध्ये रडारचा उल्लेख असतो तो बघा. इथे ह्या किटला शाबासकी, लॉग नीट लिहितं वेळेसकट, आणि बॅकहॉलचा चॅनेल हाताने बदलता येतो. मी ३६ वर टाकला, विषय संपला.

कस्टमर केअरबद्दल फार लिहीत नाही. ॲपमध्ये "उत्तम" दाखवताय आणि पानावर २.४ दिसतंय असं चॅटवर स्क्रीनशॉटसकट विचारलं तर उत्तर आलं की कृपया फॅक्टरी रीसेट करून बघा. परत विचारलं तर परत फॅक्टरी रीसेट. तिसऱ्यांदा मीच गप्प बसले.

केबल टाकता येत असेल तर अर्थातच हे सगळं पुराण वाचायची गरज नाही, साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट आरामात नेते, ना भिंत ना मायक्रोवेव्ह ना रडार. हे किट केबल लावल्या लावल्या आपोआप बॅकहॉल केबलवर नेतं आणि पानावर तसं लिहिलेलंही येतं. पहिल्या सॅटेलाइटला आम्ही शेवटी केबलच दिली. दुसऱ्याला देणं शक्य नाही म्हणून तो टेबलावर, दाराच्या समोर, मायनस ६३ वर.

घेणार असाल तर रिटर्नची मुदत संपायच्या आत ॲडमिन पान उघडून तो तक्ता बघा, सॅटेलाइट तुमच्या खऱ्या जागी ठेवून, दारं बंद करून, संध्याकाळी सगळे घरात असताना, आणि बँड ५ आहे का, लिंक रेट किती टिकतोय ते लिहून ठेवा. ॲपचा शब्द वाचून मुदत जाऊ देऊ नका.

पाचपैकी साडेतीन देतेय. हार्डवेअरला साडेचार दिले असते, एक पूर्ण स्टार त्या "उत्तम" साठी कापला. ॲपमध्ये बँड, आरएसएसआय आणि लिंक रेट एवढ्या तीन ओळी आल्या तर परत येऊन वाढवीन. मधे एक अपडेट आलं तेव्हा वाटलं होतं आलं बहुतेक, पण नुसते ॲपचे रंग बदललेत, आणि ॲडमिन पानावरचा तो तक्ता उचलून ट्रबलशूटिंगमध्ये टाकलाय, तर तिथे शोधा.